परसातल्या कोंबड्या, दोन मुलं आणि वाडीतली अदलाबदल : आठ महिन्यांच्या नोंदी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या लांजा तालुक्यातली आमची वाडी अकरा घरांची. सासूबाईंच्या काळात एकही परस कोंबडीवाचून नव्हतं, आता काही घरांत खुराडंही नाही. मुलगी चौथीत आहे, मुलगा पहिलीत. दिवाळीच्या सुट्टीत दोघं माझ्या माहेरी आठ दिवस कोंबड्यांच्या मागे होती, आणि परत आल्यावर 'आपल्याकडे कधी' हा एकच प्रश्न. म्हणून काम सुरू केलं. नोंदी रात्री लिहीत गेले, काही तारखा मुलीच्या वहीतून घेतल्या. चुका तशाच ठेवल्या आहेत, कारण हे काम करायला घेणाऱ्याला त्यांचाच जास्त उपयोग होईल.

३ डिसेंबर २०२३, रविवार

खुराडं. पडवीला लागून जुन्या लाकडांच्या खोपटाच्या जांभ्याच्या दोन भिंती उभ्याच होत्या. उरलेल्या दोन बाजूंना वासे आणि जाळी मारली. आतली जागा सहा फूट बाय चार फूट. जमिनीपासून दोन फुटांवर बसायला गोल बांबू, कोपऱ्यात पेंढा घातलेल्या दोन टोपल्या अंडी घालायला.

दुकानात जाळी दोन प्रकारची होती. एक षटकोनी भोकांची, पातळ तारेची. दुसरी चौकोनी, जोडलेली, अर्ध्या इंचाची, पण अडीचपट महाग. मी पहिली घेतली. तिचं काय झालं ते १४ जानेवारीच्या नोंदीत आहे.

खर्च: जाळी ७८०, एक पत्रा ६५०, बिजागऱ्या-कडी-खिळे २४०, सुतार अर्धा दिवस ५००. एकूण २,१७० रुपये. वासे, बांबू घरचे.

१० ते १८ डिसेंबर

माहेरून, राजापूरहून, चार कोंबड्या आणि एक कोंबडा आला. डालग्यात घालून, एसटीने. मुलांनी उतरता उतरताच नावं ठेवली: काळी, चांद्री, तांबडी, भुरी. कोंबडा राजा.

सासूबाई म्हणाल्या, "आठ दिवस कोंडून ठेव. घर कळू दे त्यांना." मला वाईट वाटलं, दुसऱ्याच दिवशी सोडल्या. संध्याकाळी पाचही फणसावर चढून बसल्या. हे आणि शेजारचे काका शिडी, बॅटरी घेऊन रात्री नऊपर्यंत एकेक उतरवत होते. मग मुकाट्याने आठ दिवस कोंडल्या. आज सोडल्या, आणि दिवेलागणीला आपणहून आत आल्या.

मुलांची कामं ठरली. धाकट्याकडे सकाळचं पाणी आणि दार. मोठीकडे अंडी आणि वही. वाळवीचं काम दोघांचं मिळून: मडक्यात ओला पाचोळा आणि शेण भरायचं, वाळवी असेल तिथे रात्री उपडं ठेवायचं, सकाळी कोंबड्यांपुढे आपटायचं. दोघं शाळेआधी न सांगता उठतात ते यासाठी. बाकी खाणं कणी, भाताचा कोंडा, घरातलं उरलंसुरलं.

१६ डिसेंबर, शनिवार

वनराज जातीची एक दिवसाची वीस पिल्लं आणली, प्रत्येकी ३५ रुपये. देशी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंड्यांवर जात नाही, वनराज परसातलंच खाऊन त्याहून पुष्कळ जास्त घालते, असा हिशेब होता.

पिल्लं मोठ्या खोक्यात तुसावर ठेवली आणि वर दिवा लावला. दिवा होता पडवीतला, नऊ वॅटचा एलईडी. उजेड लख्ख पडला म्हणून मला वाटलं ऊबही पडत असेल. एलईडीला ऊब जवळजवळ नसतेच. रात्री गारठा वाढला, पिल्लं एका कोपऱ्यात एकमेकांवर चढली. सकाळी पाच मेलेली, सगळी ढिगाच्या तळातली. थंडीपेक्षा चेंगरून गेली. ती आधी मुलांनी पाहिली. मी आधी उठायला हवं होतं.

दुरुस्ती त्याच दिवशी. जुन्या पद्धतीचे तारेचे ६० वॅटचे दोन पिवळे दिवे शोधून आणले. तीन दुकानं फिरावी लागली. खोकं काढून पत्र्याचं गोल कडं केलं, म्हणजे दबायला कोपराच नाही. पिल्लांच्या उंचीवर तापमापक टांगला. पहिल्या आठवड्यात ३५ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी. तापमापकाहून पिल्लंच खरं सांगतात. दिव्याखाली गठ्ठा झाला तर थंडी, कड्याला चिकटून चोची उघड्या तर उकाडा, सगळीकडे पसरून चरत असतील तर बरोबर. हे वाचायला धाकटा माझ्याआधी शिकला. वीज गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या जुन्या मोज्यांत घालून मधे ठेवायच्या. निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत ठेवू नका, धुराने पिल्लं जातात आणि माणसांनाही धोका.

२२ डिसेंबर, शुक्रवार

सातवा दिवस, राणीखेतची पहिली लस, लासोटा. आपल्याकडे या रोगाला मानमोडी म्हणतात. लस बर्फात आणायची, सोबतच्या गार द्रावणात कालवायची, प्रत्येक पिल्लाच्या डोळ्यात एक थेंब. पिल्लाने डोळा मिचकावला की थेंब आत गेला. कालवल्यावर दोन तासांत संपवायची, उरलेली ठेवून चालत नाही.

कुपी शंभर डोसांची, पिल्लं पंधरा. १८० रुपयांतले बहुतेक ओतून दिले. मन इतकं खट्टू झालं की चौदाव्या दिवशीची गंबोरोची (पिल्लांचा आणखी एक रोग) आणि अठ्ठाविसाव्या दिवशीची लासोटाची दुसरी लस मी घेतलीच नाही. मोठ्या कोंबड्यांना तर माहेरीही काही टोचलेलं नव्हतं. या प्रकल्पातली सगळ्यात महाग बचत ती.

९ जानेवारी २०२४

धाकट्याला दोन दिवस जुलाब. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, पिल्लं तोंडाजवळ नेतो का? नेतो. मुके घेतो. कशानेच झालं हे नक्की सांगता येणार नाही, पण निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या शिटेतूनही पोटाचे जंतू येतात. आता खुराड्याच्या दारालाच साबण आणि पाण्याची कळशी आहे. चप्पल वेगळी. मुका बंद.

१४ जानेवारी, रविवार

रात्री दोनच्या सुमारास कलकलाट. आम्ही पोचेपर्यंत भुरी गेली होती. षटकोनी जाळी खालच्या कोपऱ्यात उसवलेली, तार चक्क ओरबाडल्यासारखी. काका म्हणाले, रानमांजर नाहीतर उदमांजर. मुंगूस दिवसा येतं आणि खालून उकरतं.

आज सगळी जाळी काढून अर्ध्या इंचाची जोडलेली बसवली. १,९०० रुपये आणि पूर्ण रविवार. जाळी जमिनीत वीतभर गाडून वर जांभ्याचे चिरे लावले. कडी नुसती अडकवण्याची होती, तिला खिळा लावला. वनराज पिल्लांतलं एक गेल्या आठवड्यात घारीने उचललं, म्हणून त्यांच्या अंगणावर जुनं मासेमारीचं जाळं ताणलं. आता पिल्लं चौदा.

मुलगी दिवसभर गप्प होती. वहीत भुरीच्या ओळीपुढे तिने फक्त तारीख लिहिली.

४ फेब्रुवारी, रविवार

काळी खुडूक बसली, म्हणजे अंडी उबवायला. तीन दिवस टोपली सोडत नाही, हात नेला की पिसं फुलवून चोच मारते. सासूबाईंनी रवण घालून दिली: आडोशाची जागा, खाली राख, वर पेंढा, अकरा अंडी. राखेमुळे पिसवा कमी होतात. कोंबडी रोज एकदा उठून खाते, पिते, हगते. तेवढ्यासाठी दाणापाणी जवळ हवं. एकवीस दिवस.

११ फेब्रुवारी

रात्री अंधारात अंडी पाहिली. पुठ्ठ्याच्या नळीला मोबाइलचा दिवा लावला, वर अंड्याचा बोथट भाग. आत लाल शिरांचं कोळिष्टक दिसलं की जीव धरला. मुलांनी श्वास रोखून धरले होते. एका अंड्यात काळा ठिपका हलला तेव्हा धाकटा किंचाळला आणि काळीने त्याला चोच मारली.

अकरापैकी पाच रिकामी.

२५ फेब्रुवारी, रविवार

चार पिल्लं. दोन पूर्ण वाढूनही कवच फोडू शकली नाहीत. मुलांना मदत करायची होती. मी करू दिली नाही, कारण घाईने कवच सोललं तर रक्त येऊन पिल्लू जातं. नंतर ती दोन्ही थंड पडली. दोन्ही मुलांना माझा राग आला आणि तो मी ऐकून घेतला.

सासूबाईंचं निदान: "कोंबडा नि कोंबड्या एकाच घरचे. रक्त बदलायला हवं." माहेरी विचारलं. राजा, काळी आणि तांबडी एकाच रवणीतले, म्हणजे सख्खी भावंडं. नात्यात जोड लागत गेली की अंडी रिकामी राहतात, पिल्लं कवचात मरतात. वाडीतल्या बहुतेक घरांत हेच चाललं आहे; कोंबडा मेला की त्याच घरातला दुसरा मोठा होतो.

यातून अदलाबदलीची कल्पना निघाली.

३ मार्च, रविवार : पहिली अदलाबदल

सहाणेसमोरच्या (पालखी बसते त्या चौथऱ्यासमोरच्या) वडाखाली, सकाळी आठला. नऊ घरं आली, एकतीस पक्षी. मुलांनी पाट्या रंगवल्या होत्या, मोठीने रजिस्टर मांडलं. पैसे नाहीत असं ठरलं होतं. कोंबड्याला कोंबडा. दोन तलंग्यांना, म्हणजे वाढत्या वयाच्या पक्ष्यांना, एक अंड्यावरची, म्हणजे अंडी घालणारी कोंबडी. दोन घरांत कोंबड्याच नव्हत्या, त्यांना प्रत्येकाने काहीतरी दिलं. एका आजींनी नारळाची केरसुणी देऊन एक तलंग नेली. कितीतरी वर्षांनी वाडीतली माणसं सणाशिवाय एकत्र बसली. पोरं एका डालग्यापासून दुसऱ्याकडे धावत होती, सगळे पक्षी एकमेकांशेजारी, एकाच घमेल्यातलं पाणी पीत होते.

मी राजा दिला आणि मोठ्या तुऱ्याचा तांबडा-काळा कोंबडा घेतला. वनराजचे अकरा आठवड्यांचे दोन तलंगे देऊन एक अंड्यावरची कोंबडी घेतली. घरी येताना मुलगी म्हणाली, "आई, नवे पक्षी वेगळे ठेवायचे ना?" मी म्हटलं, हो, दोन दिवस.

५ मार्चला सोडले. ही तारीख तिच्या वहीत आहे.

९ ते १७ मार्च

९ तारखेला नवा कोंबडा कोपऱ्यात, पंख लोंबलेले, चोच उघडून घरघर. हिरवट-पांढरी पातळ शिट. मला वाटलं उन्हाने. हळद आणि लसूण दिला. ११ ला सकाळी मेला.

१२ ला नवी कोंबडी आणि काळीची दोन पिल्लं. १३ ला उरलेली दोन पिल्लं. त्याच दिवशी एका वनराज तलंगेची मान मागे वळली आणि ती गोल गोल फिरू लागली. सासूबाईंनी एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "मानमोडी."

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर आले, दोन मेलेले पक्षी तपासायला घेऊन गेले. नंतर त्यांनीही राणीखेतच सांगितलं. यावर औषध नाही, फक्त लस. त्यांनी एक गोष्ट बजावली: अशी एकाएकी मरतुक लागली की आधी कळवायचं, स्वतः ठरवायचं नाही. २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्यांत सापडला होता आणि लांबून दोन्ही रोग सारखेच दिसतात.

१७ तारखेपर्यंतचा हिशेब: घरात एकवीस पक्षी होते, तेरा गेले. नवा कोंबडा, नवी कोंबडी, तांबडी, काळीची चारही पिल्लं, बारा वनराजांपैकी सहा. उरले काळी, चांद्री आणि सहा वनराज. ते सहा का वाचले? डॉक्टरांच्या मते डिसेंबरातला तो एक थेंब काही पक्ष्यांत थोडा तरी टिकला असेल. दुसरा दिला असता तर आणखी वाचले असते.

मेलेले पक्षी परसाच्या टोकाला तीन फूट खड्ड्यात, चुना घालून पुरले. खड्डा ह्यांनी खणला, मुलांना जवळ येऊ दिलं नाही. पण लपवलंही नाही. मुलीने विचारलं, "आपण आणला ना रोग?" मी सांगितलं, हो, आपणच आणला, आणि मी तुझं ऐकलं नाही. काळी दोन दिवस परसात पिल्लांना हाक मारत फिरत होती. ते ऐकणं कठीण गेलं.

बाकीच्या घरांना सांगायचं की नाही यावर घरात बोलणं झालं. अदलाबदल मी भरवली होती, बोट माझ्याकडे येणार हे दिसत होतं. सासूबाई म्हणाल्या, "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. जा आणि सांग." १३ च्या संध्याकाळीच घरोघर गेले. नऊपैकी चार घरांत रोग पोचला होता. दोघांनी दारातच सुनावलं, ते बरोबरच होतं. एका घराने मात्र आजाराने झुकलेले पक्षी मी सांगितल्यानंतरही आठवडी बाजारात नेऊन विकले. याचा मला आजही संताप येतो. त्या पक्ष्यांबरोबर आणखी किती परसं रिकामी झाली असतील, कळायला मार्ग नाही.

२४ मार्च, होळी

शिमग्याला चाकरमानी घरी आलेत, आणि वाडीत यंदा गावठी कोंबडी-वडे जवळजवळ कुठेच नाहीत. पालखीच्या आदल्या दिवशी सात घरं बसली. ठरलं ते इतकंच: महिनाभर वाडीतून एकही पक्षी बाहेर जाणार नाही, बाहेरचा आत येणार नाही. खुराडी रिकामी करून चुना मारायचा, तूस-पेंढा जाळायचा. लस मिळून घ्यायची.

बोलता बोलता सासूबाईंनी जे सांगितलं, ते मला डिसेंबरात कळायला हवं होतं. "आमच्या वेळी पक्षी कोण द्यायचं? रवणीला अंडी मागायची. चांगल्या कोंबडीची आठ-दहा अंडी तांदळात घालून न्यायची. पिल्लं मोठी झाली की त्यातली एक तलंग परत."

डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, यात तथ्य आहे. आजारी कोंबडी बहुधा अंडी घालायची थांबते, आणि अंड्याबरोबर शिट, लाळ, पिसवा, गोचिडी येत नाहीत. रक्त बदलतं, रोग सहसा मागे राहतो. मात्र काही रोग अंड्याच्या आतूनही पिल्लात उतरतात. म्हणून अंडी घ्यायची ती महिनाभर एकही पक्षी न झुकलेल्या घरातूनच.

७ एप्रिल, रविवार

पहाटे साडेपाच ते सव्वासात, सात घरं, ८३ पक्षी, लासोटाची एक कुपी. डिसेंबरात पंधरा पिल्लांसाठी जी कुपी मी ओतून दिली, ती आज वाडीने जवळजवळ संपवली. शंभर डोस ही एका घराची गोष्टच नाही, वाडीची आहे. घरटी चाळीसेक रुपये आले, बर्फासकट.

पहाटेची वेळ महत्त्वाची. उजाडायच्या आत पक्षी खुराड्यात शांत बसलेले असतात, पकडायला धावावं लागत नाही. आमच्या दोघांनी रंगीत लोकरीचे तुकडे कापून ठेवले होते; लस दिली की पायात सैल धागा. तरी शेवटच्या दोन घरांत पोचेपर्यंत थर्मासमधला बर्फ पातळ झाला. पुढच्या वेळी दोन थर्मास आणि दोन माणसं, दोन टोकांनी सुरुवात.

२८ एप्रिल

तीन आठवड्यांनी आर टू बी, राणीखेतचीच पण टोचायची लस. ही आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना द्यायची नाही. आठवडाभर आधी जंताचं औषध दिलं होतं. टोचायला दवाखान्यातून मदत मिळाली. पुढचे आठ-दहा दिवस अंडी कमी झाली, तेवढं धरून चालावं.

१२ मे, रविवार : दुसरी अदलाबदल, फक्त अंडी

तिथेच, वडाखाली. या वेळी एकही डालगं नाही. तुसाने भरलेले डबे. कागदावर लिहून लावलं होतं:

आठ दिवसांच्या आतली अंडी. धुतलेली नकोत, मळलेलीही नकोत. फ्रिजमधली नकोत. टोक खाली. पेन्सिलीने घराची खूण.

धुवायचं का नाही असं तिघींनी विचारलं. कवचावर नैसर्गिक पातळ थर असतो, तो गेला की जंतू आत शिरतात. मळकं अंडं खायला घ्यावं, रवणीला नको.

कोंबडा नुकताच बदललेल्या घरांसाठी आणखी एक गोष्ट. जुन्या कोंबड्याचं बीज कोंबडीच्या अंगात दोन-तीन आठवडे टिकतं. नवा आणल्या आणल्या गोळा केलेली अंडी जुन्याचीच असू शकतात. त्या घरांची अंडी आम्ही या खेपेला घेतली नाहीत.

आमची काळी पुन्हा खुडूक होती. तीन घरांची दहा अंडी तिच्यासाठी मिळाली, बदल्यात चांद्रीची आणि वनराजची गेली. घरी आणून रात्रभर तशीच ठेवली. हलवून आणलेली अंडी लगेच बसवायची नाहीत. १३ ला संध्याकाळी बसवली.

सासूबाई नको म्हणत होत्या. "पावसाच्या तोंडावर पिल्लं कशाला?" मुलांना सुट्टी होती, काळी बसली होती, मार्चनंतर सगळ्यांनाच पिल्लं हवी होती. मी बसवली.

२० मे

दहापैकी नऊ भरलेली.

३ जून, सोमवार

आठ पिल्लं! एक कवचात राहिलं. दोन काळी, एक पांढरट, एक मानेला पिसं नसलेलं, बाकी बदामी. अशी रंगीबेरंगी रवण आमच्या घरात पहिल्यांदाच. धाकट्याने प्रत्येक पिल्लू कुठल्या खुणेच्या घरचं ते विचारलं. पण अंडी फुटल्यावर खूण कुठली? उघड्या मानेचं तेवढं ओळखता आलं, कारण तसा कोंबडा वाडीत एकाच घरी आहे.

१० जून

सातव्या दिवसाची लासोटा. चार घरांत एकाच आठवड्यात पिल्लं निघावीत म्हणून रवणी एकदमच बसवल्या होत्या. ३४ पिल्लं, एक कुपी, चाळीस मिनिटं.

२६ जून

पावसाने सासूबाईंचं म्हणणं खरं केलं. दहा दिवस झड. तूस खालून ओलं, वरून कोरडं दिसतं म्हणून मी बदललं नाही. मुठीत दाबलं असतं तर गोळा झाला असता. काल दोन पिल्लं पिसं फुलवून उभी, आज शिटेत रक्त. रक्ती हगवण. ओल्या तुसात हिचे जंतू वाढतात आणि तीन-चार आठवड्यांच्या पिल्लांना धरतात. मुलीने शिट पाहून मला शाळेत जायच्या आधी सांगितलं, म्हणून आजच दवाखाना गाठला. अँप्रोलियमची पावडर पाच दिवस पाण्यातून, दुसरं पाणी द्यायचं नाही.

दोन गेली. सहा सावरली.

३० जूनला खुराड्याच्या एका भागात जमिनीपासून दीड फुटावर बांबूच्या कामट्यांची माळोशी केली. शिट खाली पडते, पाय कोरडे. पाण्याचं भांडं विटेवर. तूस दर चार दिवसांनी. कोकणात पावसाळ्यात पिल्लं वाढवायची असतील तर ही माळोशी आधी करा, मग अंडी बसवा. आणि शक्य असेल तर रवण दिवाळीनंतर.

२१ जुलै, रविवार

आतापर्यंतचा खर्च: खुराडं २,१७०, नवी जाळी १,९००, वनराज पिल्लं ७००, त्यांचं पहिल्या दोन महिन्यांचं खाद्य आणि दिवे १,१५०, कणी वगैरे १,४००, लस आमच्या वाट्याची आणि वाया गेलेली मिळून २७०, औषध २२०, चुना ६०. एकूण ७,८७० रुपये. मुलीच्या वहीत २१४ अंडी आहेत. त्यातली ६० विकली, बाराने, ७२०. बाकी खाल्ली, दिली, बसवली. पैशांत हे अजून तोट्यात आहे आणि पहिल्या वर्षी तसंच राहील. खुराडं नीट जाळीचं एकदाच बांधलं असतं तर सात-आठशे वाचले असते.

वनराजांपैकी तीन कोंबडे आहेत. परसाला एक पुरे. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा हे प्रमाण. तीन ठेवले तर भांडतात आणि कोंबड्यांच्या पाठी सोलतात. गटारीला एक कापायचा का, यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. निर्णय आम्ही मुलांवर सोडला नाही, पण अंधारातही ठेवलं नाही. मोठी म्हणाली, "नाव ठेवलेला नको." म्हणून बिननावाचा कापायचा ठरलाय. तिने खाणार नाही असं आधीच सांगितलं आहे. धाकटा खाणार आहे. दोघांचं म्हणणं आम्हाला मान्य आहे.

दुसरा कोंबडा वाडीच्या वरच्या टोकाच्या घराला हवा आहे. ते बाजारात पक्षी विकलेलं घर. काल त्यांच्या काकी स्वतः आल्या, पडवीत बसल्या, मार्चबद्दल काही बोलल्या नाहीत, मीही बोलले नाही. त्यांच्या तीन कोंबड्यांना लस नाही हे त्यांनी सांगितलं. कोंबडा देऊ, पण त्यांच्या तिघींना लासोटा झाल्यावर, आणि गेल्यावर तो त्यांच्याकडे एकवीस दिवस वेगळ्या डालग्यात राहील, दाणापाणी वेगळं. ते त्यांनी कबूल केलं.

पुढची लस ४ ऑगस्ट, पहाटे पाच, सुरुवात दोन टोकांनी. एक थर्मास आमचा, दुसरा काकींचा. लोकर या खेपेला हिरवी.